मातीत रचलेली भिंत

आमच्या मामंजींना सगळं यायचं. चिमूटभर माती जिभेवर ठेवून ती विटेला चालेल की नाही ते सांगायचे. धुराचा रंग बघून भट्टीच्या पोटात काय चाललंय ते ओळखायचे. पक्क्या विटेवर बोटाची टिचकी मारून, आवाजावरून, ती कुठल्या थरात भाजली गेली तेही सांगायचे. फक्त एक गोष्ट त्यांना जन्मात आली नाही. स्वतःचे पैसे मागणं.

मागायची वेळ आली की त्यांना नेमकं समोरच्याच्या गुरांचं, पोरांचं, गुडघेदुखीचं आठवायचं. तासभर बोलून, चहा पिऊन, चप्पल घालताना म्हणायचे, "बरं, ते आपलं जमेल तसं बघा." समोरच्याला ते कधीच जमायचं नाही. सासूबाई म्हणायच्या, "भीड भिकेची बहीण, आणि ती आमच्या घरी कायमची राहायला आलीय."

त्या गोष्टीला आता पस्तीस वर्षं होऊन गेली. भट्टी बंद पडून पंधरा. जिथं आम्ही विटा थापायचो तिथं आता सिमेंटच्या राखाडी ठोकळ्यांचा कारखाना आहे. यंत्रातून एकेक ठोकळा बाहेर पडतो, त्याला ना रंग ना आवाज. मी तिथून जाते तेव्हा मला अजून ओल्या मातीचा वास येतो. नातू म्हणतो, आजी, तो गटाराचा आहे. असेल बापडा.

त्या वर्षी आम्ही साठ हजार विटा थापल्या होत्या. आम्ही म्हणजे चार माणसं, मामंजी, सासूबाई, आमचे हे आणि मी. माझ्या लग्नाला तेव्हा दोन वर्षं झाली होती. संध्याकाळी माती भिजवायची, पहाटे ह्यांनी आणि मामंजींनी गुडघाभर चिखलात उभं राहून ती तुडवायची, आणि ऊन चढायच्या आत आम्ही दोघी सासू-सुनांनी थापायला बसायचं. साच्याला आतून वाळू मारायची, चिखलाचा गोळा उचलून साच्यात आपटायचा, पट्टीनं वरून सारखा करायचा, साचा उलटा करून अलगद उचलायचा. बसून सरकायचं, पुन्हा वाळू, पुन्हा गोळा. दिवसाला सातशे मी थापायची, सासूबाई आठशे. मी तरुण होते तरी त्यांच्या शंभर नेहमी जास्त, आणि ते ऐकवायला त्या कधी विसरल्या नाहीत. रात्री पाठ जमिनीला टेकली की वाटायचं, आता आपल्यालाच कुणीतरी साच्यातून काढावं.

साठ हजार कच्च्या विटा सुकून, ओळीनं रचून तयार होत्या. फक्त भाजायच्या राहिल्या होत्या. भाजायला कोळसा पाहिजे, आणि कोळसेवाल्यानं त्या वर्षी उधारी बंद केली होती. मामंजी गेले तर दुकानातल्या पाटीकडं बोट दाखवून म्हणाला, "दादा, पाटी मी नाही लिहिली, माझ्या मुलानं लिहिलीय. आता धंदा तो बघतो." गाडीभर कोळशाला सहा हजार लागत होते. घरात दोन होते.

उरलेले चार कुठं आहेत ते आम्हाला ठाऊक होतं. मैलभर लांब, चक्कीवाल्याकडं. त्याला आम्ही बारा हजार विटा दिल्या होत्या, चारशे रुपये हजारी. चार हजार आठशे झाले. देऊन आठ महिने झाले होते आणि आला होता फक्त नमस्कार.

चक्कीवाला मामंजींचा लहानपणापासूनचा मित्र. डोक्यापासून पायापर्यंत कायम पिठानं माखलेला, म्हणून मामंजी त्याला पांढऱ्या म्हणायचे. भुवया पांढऱ्या, कानाच्या पाळ्या पांढऱ्या, हसला की तेवढं तोंड लाल दिसायचं. जुनी चक्की गळक्या पत्र्याखाली होती. म्हणून त्यानं शेजारी पक्की खोली बांधायला काढली, नव्या इंजिनासाठी कर्ज काढलं, आणि खोली छताला लागायच्या आत इंजिनाचा दांडा मोडला. दांड्यासाठी दुसरं कर्ज. मग काकूंचं, म्हणजे त्याच्या बायकोचं, पोटाचं ऑपरेशन. त्याला तिसरं. खोलीच्या चार भिंती उभ्या राहिल्या आणि वर आभाळ. इंजिन जुन्याच पत्र्याखाली राहिलं.

आधी मामंजी एकटे गेले. सकाळी निघाले ते दुपार कलल्यावर आले. केसांत पीठ, खांद्यावर पिठाची पिशवी.

"पैसे?" सासूबाईंनी विचारलं.

"त्याच्या चक्कीचा दगड गुळगुळीत झाला होता. पीठ जाडं पडत होतं. छिन्नीनं टाकी मारून दिली."

"मी दगडाचं नाही विचारलं."

"त्यानं पीठ दिलंय की."

सासूबाईंनी पिशवी घेतली, आत नेऊन आपटली. "साठ हजार विटा आता ह्या पिठावर भाजा," एवढंच म्हणाल्या आणि दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "तू जा बरोबर. तुझी जीभ चालते. घरात चालतेच आहे, जरा बाहेर चालव."

मी गेले. चक्कीचा आवाज लांबूनच यायचा, फट् फट् फट्, मधेच एक ठोका चुकवून. लग्न होऊन आले तेव्हा पहिले काही दिवस त्या आवाजानं मला झोप लागत नसे. पुढं तो बंद पडला तेव्हाही लागली नाही.

आत सहा-सात डबे ओळीत ठेवले होते. मला जरा बरं वाटलं. एवढं दळण म्हणजे हातात पैसा असणार. मी भिंतीला टेकून उभी राहिले आणि बघत बसले. पहिला डबा दळून झाला, बाई उचलून चालती झाली. पैसे दिले नाहीत. दुसरा, तिसरा, तेच. चौथ्याला मी विचारलं, "मावशी, पैसे नाही दिले?"

"कसले पैसे? आमच्या ह्यांनी दरवाजे बनवून दिलेत ना त्याला. त्यातून वळते करतोय."

मग उलगडा झाला. सुताराचं दळण, गवंड्याचं दळण, डिझेलवाल्याच्या तिन्ही भावांचं दळण, डॉक्टरांच्या घरचं दळण. ज्याचं ज्याचं देणं होतं तो तो पिठातून वसूल करत होता. चक्की दिवसभर फिरायची आणि जेवढी जास्त फिरायची तेवढं डिझेलचं देणं वाढायचं. डिझेलवाला मग आणखी एक डबा पाठवायचा. मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं की माणूस काम करून करून बुडू शकतो.

चक्कीवाल्यानं पट्टा काढून इंजिन थांबवल्यावर मी पुढं झाले. मामंजी तोपर्यंत इंजिनाच्या मागं जाऊन काकूंच्या टाक्यांची चौकशी करत बसले होते.

"काका, आज गल्ल्यात किती आले?"

त्यानं हसून गल्ला ओढला. आत चार स्क्रू, एक कंगवा आणि विडीचं रिकामं पाकीट होतं.

"तूच बघ, सूनबाई. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?"

"पण आमचा आड तुमच्याकडं आहे, त्याचं काय?"

तो खो खो हसला. त्याच्या भुवयांवरून पीठ सांडलं. मग हसू ओसरलं आणि तो खालच्या आवाजात म्हणाला, "तुम्हीही दळण पाठवत जा. हवं तितकी वर्षं. मी जिवंत असेपर्यंत दळून देईन."

"चार हजार आठशेचं दळण खायला आम्हाला तीन पिढ्या लागतील, काका. आणि पिठानं भट्टी पेटत नाही."

"नाही पेटत," तो म्हणाला. हातातलं फडकं त्यानं दोनदा घडी केलं, दोनदा उलगडलं. "खरंय तुझं."

शिव्या द्यायच्या तयारीनं गेलेल्या माणसाला समोरच्यानं खरंय म्हटलं की फार पंचाईत होते.

परत येताना वाटेत गवंडी भेटला. तोच तो, खोली बांधणारा. त्याचंही देणं होतं, त्यामुळं तो भरल्या मनानं बोलला. "अहो, चार भिंती मातीत लावायला लावल्या मला. मातीत! इंजिनाची खोली! दोन महिन्यांत हादऱ्यानं भेगा पडतील म्हणून सांगितलं, हात जोडले. ऐकेचना. म्हणाला, सध्या मातीतच लाव, वरून गिलावाही नको."

मामंजी चालत राहिले. मी म्हटलं, "बघा. ज्याच्याकडं चार पोती सिमेंटला पैसे नाहीत त्याला तुम्ही बारा हजार विटा दिल्यात. तो बांधायला निघाला तेव्हाच त्याला माहीत असणार, पैसे द्यायचे नाहीत म्हणून."

मामंजी थांबले. मला वाटलं आता रागावणार. पण ते वाकून चपलेत गेलेला खडा काढत बसले, बराच वेळ.

पुढच्या आठवड्यात दुपारी आभाळ भरून आलं. पावसाला अजून महिना होता, पण आभाळाला कोण सांगणार? कच्च्या विटेवर एक सर पडली की ती ज्या चिखलातून आली त्या चिखलात परत. आम्ही चौघं कागद, पोती, जुन्या चादरी, सासूबाईंची दोन लुगडी, जे मिळेल ते घेऊन धावलो. दहा मिनिटं टपोरे थेंब पडले आणि थांबले. वरच्या थरावर देवी आल्यासारखे खळगे पडले. साडेतीनशे विटा गेल्या. सासूबाई त्यातली एक हातात घेऊन मटकन खाली बसल्या. ती त्यांच्या हातात मऊ होऊन दुमडली. त्या बाईला मी कधी रडताना बघितलं नव्हतं. त्या दिवशीही त्या रडल्या नाहीत, पण हात बराच वेळ पुसत राहिल्या.

त्याच संध्याकाळी शाळेच्या कुंपणाचा ठेकेदार आला. त्याला बारा हजार पक्क्या विटा ताबडतोब हव्या होत्या. "जुन्या काढलेल्या असल्या तरी चालतील, पण अखंड आणि साफ पाहिजेत. रोख देतो, तीनशे साठ हजारी." आमच्याकडं पक्की वीट एकही शिल्लक नव्हती. मामंजींनी हात जोडले. तो निघाला.

मी मनात हिशेब केला. बारा हजार, तीनशे साठनं चार हजार तीनशे वीस. कोळसा येत होता.

"चार दिवसांत देतो," मी म्हटलं.

सगळे माझ्याकडं बघायला लागले. ठेकेदार गेल्यावर मी म्हणाले, "भिंत मातीत आहे. मातीतली वीट निघते. आपली वीट आपण काढून आणू."

"उभी भिंत पाडायची?" हे म्हणाले.

"पाडायची नाही, उतरवायची. विटा आपल्या आहेत. त्यानं पैसे दिलेत का?"

ह्यांनी मामंजींकडं बघितलं. मामंजींनी सासूबाईंकडं. सासूबाई म्हणाल्या, "पोरगी बरोबर बोलतेय," आणि मग जरा थांबून, "बरोबर बोलतेय म्हणून चांगलं बोलतेय असं नाही. पण दुसरं काय करायचं?"

सकाळी मी एकटीच गेले. मामंजी येतो म्हणाले, मी नको म्हटलं. चक्कीत गर्दी होती. इंजिन चालू, पट्टा सळसळतोय, काकांना ऐकू येईना. मी एकदा म्हटलं, दोनदा म्हटलं. ते कानाला हात लावून "काय? काय?" करत होते. शेवटी मी जिवाच्या आकांतानं ओरडले, "काका, आमच्या विटा परत द्या! भिंत उतरवा!"

आणि माझ्या तोंडातून शब्द निघायला आणि त्यांनी इंजिन बंद करायला एकच गाठ पडली. त्या शांततेत माझा आवाज पत्र्यावर आपटून परत आला. डबे घेऊन बसलेल्या सातही बायका माझ्याकडं बघत होत्या. मग सगळ्यांनी एकदम माना फिरवून काकांकडं बघितलं. मला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. अजूनही ती जागा आठवली की कान गरम होतात.

काकांच्या तोंडावर काही दिसलं नाही. पिठाखाली माणसाचा रंग बदललेला कुठं कळतो? ते म्हणाले, "उतरवू की. उद्या उजाडता या. आज एवढं दळण हातावेगळं करतो."

दुसऱ्या दिवशी आम्ही ट्रॅक्टर घेऊन गेलो तेव्हा चक्की बंद होती आणि काका भिंतीवर बसले होते. बसले होते म्हणजे काम करत होते. वरचे चार थर उतरवून झाले होते. वीट दोन्ही हातांनी हलवायची, सैल करायची, उचलायची, पत्र्याच्या तुकड्यानं चिकटलेली माती खरवडायची, खाली उभ्या असलेल्या काकूंच्या हातात द्यायची. टाके घातलेल्या बाईनं वाकू नये म्हणून तिच्यासाठी उंच स्टूल ठेवलं होतं, विटा त्यावर. आणि रचल्या होत्या त्या आमच्या भट्टीवर रचतात तशाच, दहा-दहाच्या ओळींत, शंभराची थप्पी, प्रत्येक थप्पीच्या डोक्यावर एक वीट आडवी. मोजणाऱ्याला सोपं जावं म्हणून.

मी पहार घेऊन पुढं झाले. काका वरून म्हणाले, "पहार नको, सूनबाई. कोपरे उडतील. हातानं निघतात. त्यासाठीच तर मातीत लावलीय."

"त्यासाठी म्हणजे?"

"उधारीची वीट सिमेंटात घालायची नसते. पैसे फिटले की मग सांधे उकरून सिमेंट भरायचं, तोवर मातीत. म्हणजे नाहीच जमलं तर ज्याची त्याला अखंड देता येते." त्यांनी हातातली वीट फुंकून साफ केली. "तुझ्या सासऱ्यानंच शिकवलंय. आम्ही विशीत होतो तेव्हा. काय रे?"

मामंजी खाली उभे होते. त्यांनी मान हलवली.

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. आठ महिने. गवंडी बोलला तेव्हा, मी त्यांच्या मित्राला लबाड म्हटलं तेव्हा, सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत तेव्हा. भिंत मातीत आहे म्हणजे काय ते त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. आणि म्हणूनच ते तोंड उघडत नव्हते. एक शब्द काढला असता तर हा माणूस त्याच क्षणी भिंतीवर चढला असता.

मी पहार खाली ठेवली. मग दोन दिवस आम्ही हातानंच विटा काढत राहिलो. हात सोलून निघाले. ह्यांचं बोट दोन विटांमध्ये सापडून नख काळं झालं. दुपारी काकूंनी सगळ्यांना जेवायला वाढलं आणि आम्ही मान खाली घालून जेवलो. ज्याच्या भिंती उतरवतोय त्याच्याच घरात त्याच्याच हातचं पीठ खाताना घास कसा फिरतो, ते ज्यानं खाल्लाय त्यालाच कळेल. काका मात्र मामंजींना जुनं काहीबाही आठवून सांगत होते. कुठल्याशा ओढ्यात दोघांनी मिळून बैल बुडवता बुडवता वाचवला होता. "बैल वाचला, तुझी चड्डी गेली वाहून," काका म्हणाले आणि दोघं म्हातारे ठसका लागेपर्यंत हसले. सासूबाई ऐकत होत्या, त्याही हसल्या. त्या दोन दिवसांत ते दोघं एवढे खूश होते की काय सांगू. भिंत खाली येत होती आणि त्यांच्यामधलंही काहीतरी उतरत होतं. आता आठवलं की मला वाटतं, आठ महिन्यांत पहिल्यांदा त्यांना एकमेकांच्या तोंडाकडं नीट बघता आलं असावं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मोजणी झाली. भट्टीची पद्धत अशी की हजाराला पंचवीस विटा तुटीच्या म्हणून जास्त द्यायच्या. तशा तीनशे जास्त गेल्या होत्या. त्या फुटक्यातुटक्यात धरल्या तरी अखंड विटा भरल्या अकरा हजार नऊशे साठ. चाळीस कमी.

"चाळीसचं काय एवढं," मामंजी म्हणाले.

"बारा हजार घेतल्या होत्या, बारा हजार देणार," काका म्हणाले. "सकाळी ट्रॅक्टर निघायच्या आत चाळीस आणून ठेवतो."

"कुठून आणणार?" मी विचारलं.

"चक्कीवाल्याला विचारू नये पीठ कुठून आणलं," म्हणाले आणि हसत आत गेले.

सकाळी गेलो तर ट्रॅक्टरच्या चाकाशी चाळीस विटा रचलेल्या होत्या. धुतलेल्या, अजून ओलसर. मी ट्रॉलीत टाकायला दोन-दोन उचलायला लागले. आमच्या विटेपेक्षा त्या जराशा लांब होत्या, रंगानं गडद, कडा झिजून गोल झालेल्या. आमच्या साच्यात तळाला गोल खूण होती, ती विटेवर उमटायची. ह्या विटांवर गोल नव्हता. पान होतं. सुरीनं कोरलेलं, देठाशी वाकडं झालेलं पान.

"मामंजी, ही आपली वीट नाही."

त्यांनी एक वीट हातात घेतली. अंगठा त्या पानावरून फिरवला. मग उन्हात धरून बघितली, जशी ओळखीच्या माणसाची चिठ्ठी बघावी.

"आपलीच आहे," ते म्हणाले. "माझा पहिला साचा. मीच कोरला होता. देठ कोरताना सुरी सटकली." आणि त्यांनी डाव्या तर्जनीवरचा पांढरा वण मला दाखवला. दोन वर्षं मी तो वण बघत होते, कशाचा ते कधी विचारलं नव्हतं. "पहिली भट्टी लावली तेव्हा निम्म्या विटा कच्च्या राहिल्या. कुणी फुकट न्यायला तयार नव्हतं. हा आला. नुकतं लग्न झालं होतं त्याचं, हमाली करायचा. म्हणाला, पन्नास दे, दारात पायरी करतो. रोख दिले. मोजून. माझ्या धंद्यात आलेला पहिला पैसा त्याचा आहे."

मी काकांच्या घराकडं बघितलं. दारासमोर उघडी माती होती, आणि तिच्यात पायरीच्या आकाराचा ओला खड्डा. काकू दारातून बाहेर येत होत्या. एका हातानं चौकट धरून, दुसरा हात पोटावरच्या टाक्यांवर दाबून, त्यांनी पाय लांब टाकला आणि खड्डा ओलांडला. आमच्याकडं बघून हसल्या, जसं काही नेहमीच असं उतरतात.

"ह्या चाळीस विकायच्या नाहीत," मामंजी म्हणाले. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा मी त्यांना कुणाला बजावून सांगताना ऐकलं. त्या विटा त्यांनी स्वतः वेगळ्या काढल्या आणि पोत्यात गुंडाळल्या. काका आतून येईपर्यंत ट्रॅक्टर सुरू झाला होता.

ठेकेदाराला मी म्हटलं, "चाळीस कमी आहेत, तेवढे कापून घ्या." त्यानं चौदा रुपये कापले आणि वरचे पैसे सोडून दिले. कोळसेवाल्याकडं रोख मोजले तेव्हा त्याच्या मुलानं पावती फाडून दिली आणि त्याचा बाप मागं उभा राहून दुसरीकडंच बघत होता. तीन दिवसांत भट्टी रचली, चौथ्या दिवशी पेटवली. मामंजींनी पहिला धूर बघितला आणि म्हणाले, "लागली." नंतर पाऊस आला तेव्हा साठ हजारांतली एकही कच्ची नव्हती. त्या विटांवर आमचं घर तरलं, कर्ज फिटलं, पुढं माझी मुलं शिकली. हे सगळं त्या भिंतीतून आलं. मी ते नाकारत नाही आणि त्याबद्दल कधी कुणाची माफीही मागितली नाही. मागायला पाहिजे होती.

भट्टी पेटली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पोत्यात बांधलेल्या चाळीस विटा हातगाडीवर घातल्या. वाटेत दुकानातून अर्धं पोतं सिमेंट घेतलं. सासूबाईंनी त्यांच्या डब्यातले पैसे दिले होते, कशाला म्हणून विचारलंही नाही. गवंड्याकडून थापी मागून घेतली. तो म्हणाला, "बाई, तुम्हाला जमायचं नाही." मी म्हटलं, "नाही जमलं तर वाकडी होईल."

काका चक्कीत होते. मी घमेल्यात सिमेंट-वाळू कालवायला लागले तेव्हा काकू बाहेर आल्या, आणि त्यांच्या मागून हात पुसत काका. मी पहिली वीट ठेवली, पान खाली करून.

"अगं, सिमेंट कशाला?" काका म्हणाले. "पायरीच तर आहे. मातीत बसली असती."

"मातीतली काढता येते, काका."

काका आत गेले, पाण्याची बादली घेऊन आले आणि मी लावत गेले तशी एकेक वीट भिजवून माझ्या हातात देत गेले. चाळीस होईपर्यंत. शेवटची वीट त्यांनी जरा वेळ हातात धरून ठेवली. त्यांच्या हातावरचं पीठ पाण्यानं कालवून बोटांच्या फटींत बसलं होतं. "त्या दिवशी तू ओरडलीस ना," ते म्हणाले, "बरं केलंस. तुझ्या सासऱ्याच्यानं कधी झालं नसतं आणि मला रोज वाटायचं, आज मागेल, आज मागेल."

त्यांनी वीट दिली. मला समोरचं नीट दिसत नव्हतं, तशीच लावली.

चक्की पुढच्या वर्षी बंद पडली. इंजिन कर्जात गेलं. काका-काकू लेकीकडं राहायला गेले आणि तिकडंच वारले, आधी काकू, मग ते. काका गेल्याची खबर आली त्या दिवशी मामंजी भट्टीवर आले नाहीत. त्यांच्या आयुष्यातला तेवढा एकच दिवस.

त्या घराचं आता काही उरलेलं नाही. पत्रे गेले, दारं गेली, भिंती लोकांनी हळूहळू उचलून नेल्या. मातीतल्या होत्या, निघाल्या. पायरी मात्र निघाली नाही. कुणीतरी पहार लावून बघितलेली आहे, एका कोपऱ्याचा टवका उडालाय. मी त्या बाजूला गेले की घटकाभर तिच्यावर बसते. पायरीच्या वर दार नाही, खाली अंगण नाही. माझं गवंडीकाम तसं वाईटच, डाव्या अंगाला ती जराशी कललेली आहे.